गरोदरपणात रात्री हात बधिर होतो, मनगट ठणकतं? काय करायचं ते सांगते

सातवा लागला आणि रात्री अडीच-तीनच्या सुमाराला उजवा हात मला उठवायला लागला. लघवीला उठणं सुरूच होतं, त्यात हे नवीन. हाताला मुंग्या, बोटं टम्म फुगल्यासारखी वाटायची पण लाईट लावून बघितलं तर दिसायला तेवढी फुगलेली नसायची, आणि मनगटापासून वर कोपरापर्यंत एक ठणका. पहिल्या दोन-तीन रात्री वाटलं हातावरच झोपले असेन. मग रोजचंच झालं. उठून बसायचं, जुना पाऱ्याचा थर्मामीटर झटकतात तसा हात झटकायचा, पाच मिनिटांत बरं वाटायचं, आणि आडवं झालं की तासाभराने परत तेच.

मी घरी शिवणकाम करते, ब्लाऊज, फॉल-पिको वगैरे, आणि हे सगळं ऐन लग्नसराईत. एका दुपारी अस्तर जोडताना टाचणी बोटाच्या टोकात गेली आणि मला कळलंच नाही, कापडावर लाल ठिपका दिसला तेव्हा कळलं. तोही गिऱ्हाइकाच्या मोतिया रंगाच्या ब्लाऊजवर. त्या दिवशी मात्र घाबरले. सासूबाई म्हणाल्या वात आहे, जाऊबाई म्हणाल्या रक्त कमी असेल, चेकअपला गेले तिथे घाईत "होतं असं, डिलिव्हरीनंतर जाईल" एवढंच ऐकायला मिळालं. होतं असं हे खरंच आहे आणि बहुतेक जणींचं नंतर जातंही, पण मधले तीन महिने झोपायचं कसं ते कोणी सांगेना. शेवटी एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी नीट समजावलं. त्यांनी सांगितलेलं आणि मी स्वतः करून बघितलेलं असं सगळं इथे लिहितेय.

याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. नाव मोठं आहे पण शिवणाऱ्या बाईला लगेच कळेल अशी गोष्ट आहे. पायजम्याचा नेफा असतो ना, तसा मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूला मनगटाची छोटी छोटी हाडं, वरून एक जाड चिवट पट्टा. या नेफ्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात (हो नऊ, मी पण दोनदा विचारलं) आणि त्यांच्याच सोबत एक मऊ नस जाते, मीडियन नर्व्ह. गरोदरपणात अंगात पाणी साठतं, पाय सुजतात तसंच या बोगद्यातही सूज येते, हाडं आणि पट्टा काही सैल होत नाहीत, मग चेपलं कोण जातं तर ती मऊ नस. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत हा त्रास जास्त दिसतो आणि बऱ्याचदा दोन्ही हातांना होतो. माझा आधी उजवा, पंधरा दिवसांनी डावा.

आता मुख्य मुद्दा. मनगट आत वळलं किंवा मागे वळलं की या बोगद्यातला दाब वाढतो आणि सरळ असलं की सगळ्यात कमी असतो. झोपेत आपण काय करतो, मूठ करून मनगट आत दुमडून हात हनुवटीखाली नाहीतर उशीखाली घेतो, आणि तास न् तास तसेच पडतो. खाली जे जे लिहिलंय ते सगळं फिरून फिरून मनगट सरळ ठेवण्यावरच येतं.

आधी बोटं बघा

पुढच्या वेळी हात बधिर होईल तेव्हा झटकायच्या आधी दहा सेकंद थांबून बघा नक्की कुठली बोटं गेलीत. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू, असं असेल तर ती हीच नस. करंगळी ठीक असते. अनामिका अर्धी बधिर आणि अर्धी शाबूत हे ऐकून मला हसू आलं होतं, पण दुसऱ्या हाताच्या नखाने दोन्ही बाजूंनी खरवडून बघितलं तर खरंच तसं निघालं.

करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल तर ती दुसरी नस, ती कोपराच्या आतल्या बाजूने जाते, कोपर घट्ट दुमडून झोपल्याने असं होतं, तिथे मनगटाच्या पट्ट्याचा उपयोग नाही, कोपर सैल ठेवायला लागतं. मानेपासून कळ उतरत हातात येत असेल तर मानेचं बघायला हवं. आणि हातांबरोबर दोन्ही पायांनाही मुंग्या येत असतील तर बी१२, शुगर, थायरॉइड याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा, शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं फार कॉमन आहे. थायरॉइड कमी असेल किंवा शुगर असेल तर कार्पल टनेलचा त्रासही जास्त होतो, त्यामुळे ते रिपोर्ट तसेही एकदा काढून बघाच.

घरी करायची एक साधी चाचणी आहे, उलटा नमस्कार. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवायच्या, बोटं खाली, कोपरं बाहेर, आणि एक मिनिट तसंच धरायचं. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर शंका पक्की होते. आल्या की लगेच सोडून द्या, मिनिट पूर्ण करायचा अट्टहास नको, आणि दिवसातून दहादा करून बघत बसू नका, मी बसले होते, संध्याकाळी हात जास्तच दुखला.

हे असेल तर वाट बघायची नाही

हात सुजणं आणि मुंग्या याला आपण सगळेच हलकं घेतो, म्हणून हे मध्येच घुसवतेय. चेहरा आणि हात एकदम एक-दोन दिवसांत सुजले, सोबत डोकं जोरात दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम येतेय, बरगड्यांखाली उजवीकडे दुखतंय, उलट्या होताहेत, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं तर प्रीक्लॅम्पसियाची शंका असते, ते आईला आणि बाळाला दोघांना धोक्याचं. म्हणून हात सुजलेत म्हणून जाल तेव्हा बीपी मोजल्याशिवाय आणि लघवीतलं प्रोटीन तपासल्याशिवाय परत येऊ नका.

दुसरं म्हणजे एका बाजूचा पूर्ण हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली तर ते मनगटाचं दुखणं नाही, सरळ १०८ ला फोन. झटकून, मालिश करून बघत बसायचं नाही.

मनगटाचा पट्टा: यावर मी जास्त बोलणार आहे

सगळ्यात जास्त फरक मला रात्री पट्टा लावून पडला. पण पहिला पट्टा मी चुकीचा आणला. मेडिकलमध्ये जाऊन "मनगटाला पट्टा द्या" म्हटलं, त्यांनी इलॅस्टिकचा दिला, अंगठ्यात अडकवून गुंडाळायचा तसा, जिमवाले घालतात तो. एक रात्र घातला आणि पहाटे हात जास्तच बधिर. साहजिक आहे, आधीच आतून दाबलेल्या नसेला मी बाहेरून अजून आवळलं होतं, शिवाय त्या पट्ट्यात मनगट खुशाल वाकतं, म्हणजे काम शून्य. मागायचं ते "रिस्ट स्प्लिंट" किंवा "पट्टी असलेला रिस्ट ब्रेस" असं मागायचं. तळव्याच्या बाजूला आत एक कडक पट्टी असते, ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी, आणि वरून व्हेल्क्रोचे दोन-तीन पट्टे. काहीशे रुपयांत मिळतो. जाताना टेपने मनगटाचा घेर मोजून जा, आणि संध्याकाळी मोजा कारण संध्याकाळी सूज जास्त असते. डावा-उजवा वेगळा असतो काही कंपन्यांचा, ते विचारून घ्या.

आता गंमत अशी की दुकानातल्या बऱ्याच स्प्लिंटमधली पट्टी सरळ नसते, ती मनगट थोडं मागे वळेल अशी वाकवलेली असते, फ्रॅक्चर-मुरगळवाल्यांसाठी. आपल्याला तर सरळ हवंय. फिजिओ ताईंनी माझ्या समोर स्प्लिंटच्या खिशातून ती पट्टी ओढून बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर ठेवली, तळहाताने दाबली, बाक गेला, परत आत सरकवली. दोन मिनिटांचं काम. दुसरीची मी घरी ओट्याच्या कडेवर केली. नेमकी किती सरळ, तर हात टेबलावर ठेवल्यावर कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक रेघ यायला हवी, फूटपट्टी ठेवून बघा. प्लास्टिकची पट्टी असेल तर ती अशी वाकत नाही, मग घेतानाच सरळ आहे का ते बघा.

बांधताना व्हेल्क्रो एवढाच ओढायचा की खाली एक बोट सहज सरकेल. तळव्याकडची कड बोटांच्या मुळाशी असलेल्या आडव्या रेघेच्या अलीकडे थांबली पाहिजे, मूठ बंद करता आली पाहिजे आणि अंगठा मोकळा हवा. बोटं गार पडली, निळसर दिसली किंवा मुंग्या उलट वाढल्या तर सैल करा.

उन्हाळ्यात घाम येऊन आत खाज सुटते, पुरळ येतं. माझा उपाय, नवऱ्याच्या जुन्या सुती मोज्याचा पंजा कापून टाकायचा, उरलेली नळी मनगटात घालायची आणि वरून स्प्लिंट. मोज्याचं इलॅस्टिक घट्ट असेल तर ते पण कापा. तीन-चार नळ्या करून ठेवल्या की रोज एक धुवायला टाकता येते. व्हेल्क्रोचं खरखरीत टोक गाऊनला आणि केसांना अडकतं, ते पूर्ण चिकटलंय का बघून झोपायचं.

पहिल्या रात्री वैताग येतो हे सांगून ठेवते. मी दोन वाजता काढून भिरकावला होता. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून सवय झाली आणि आठवड्याभरात रात्रीचं उठणं तीन-चारवरून एकावर आलं (लघवीचं वेगळं, ते काही स्प्लिंटने थांबत नाही). दिवसभर घालून ठेवायची गरज नसते, हात आखडतो, फक्त त्रास होणारं काम करताना थोडा वेळ घातला तर चालतो. गावात मिळत नसेल तर मिळेपर्यंत मनगटाभोवती जाडसर टॉवेलची घडी सैल गुंडाळून वर मऊ कापडाची पट्टी बांधली तरी मनगट दुमडत नाही. दिसायला विचित्र, पण चालतं.

झोपायचं कसं

डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, आणि मग खालचा हात उशीखाली किंवा गालाखाली जातोच. छातीसमोर एक लांबट उशी किंवा गोधडीची गुंडाळी घ्या आणि वरचा हात तिच्यावर सरळ पसरून ठेवा, बोटं सैल. खालचा हात डोक्याखाली घालायचा नाही, तो पुढे आडवा, कोपर थोडंसंच वाकलेलं. हात छातीच्या उंचीला किंवा जरा वर राहिला की सकाळची सूज कमी असते.

तरी जाग आलीच तर घाबरून हात चोळत बसू नका. उठून बसा, झटका, मूठ सावकाश उघड-बंद करा, वाटलं तर गार पाण्याखाली धरा. दिवसा मनगटाला गार शेक चालतो, बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, थेट कातडीवर नाही. गरम शेकाची भीती जास्त आहे, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. हेच तव्याच्या आणि कुकरच्या बाबतीत, त्या दिवसांत मी फोडणी देताना मुद्दाम डाव्या हातात उलथनं धरायचे कारण डावा तेव्हा जरा बरा होता.

उठता-बसताना होणारी चूक

ही मला कोणीच सांगितली नव्हती आणि मी दिवसातून तीसदा करत होते. पोट मोठं झालं की पलंगावरून किंवा सतरंजीवरून उठताना आपण तळहात जमिनीवर टेकवून त्याच्यावर सगळं वजन टाकतो. म्हणजे मनगट पूर्ण मागे वळलेलं आणि वरून अख्खं वजन. त्याऐवजी कुशीवर वळा आणि कोपरापासूनच्या हातावर जोर देऊन उठा, किंवा मूठ करून मनगट सरळ ठेवून मुठीवर. गरोदरपणातल्या योगासनांच्या क्लासला मार्जारासन करत असाल तर तेही मुठींवर नाहीतर कोपर टेकवून करा, शिकवणाऱ्या ताईंना सांगा, त्या बदल करून देतात.

घरकाम आणि हातातलं काम

भाकरी थापणं थांबवा, सरळ. तळवा उलटा दाबून थापणं म्हणजे या नसेवर हातोडी. आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही त्यामुळे पहिले दोन दिवस घरात जरा कुरबुर झाली, मग नवरा थापायला शिकला, नकाशे झाले पण पोटात गेले. कणीक मळायची वेळ आलीच तर पाणी थोडं जास्त घालून नुसती गोळा करायची, तेलाचा हात लावून वीस मिनिटं झाकून ठेवायची, मग ती निम्म्या जोरात मळली जाते. कपडे पिळायचे नाहीत, चादरी तर नाहीच, नळाला किंवा दोरीवर तसेच निथळत टाकायचे. कुकर, पाण्याची कळशी दोन्ही हातांनी आणि तळवे खालून लावून उचला, एका हाताने कानाला धरून नको. बाजाराची पिशवी बोटांत न लटकवता कोपराच्या जरा खाली हातावर अडकवा. नारळ खोवणं, पुरण वाटणं, शेतात खुरपणी, हाताने धार काढणं ही सगळी एकाच जातीची कामं, मुठीत आवळून मनगट वळवायची, ती दुसऱ्याकडे द्या. द्यायला दुसरं कोणी नसतं हे मला माहितीये, तेव्हा निदान सलग करू नका, दहा-पंधरा मिनिटं झाली की हात सोडून उभ्या राहा.

शिवणकामवाल्यांसाठी, मशीनपेक्षा कात्री जास्त त्रास देते. जाड कापडाची कटिंग मी दुसरीकडून करून घेतली, हूक आणि काज-बटणाचं काम शेजारच्या मुलीला दिलं, पैसे कमी सुटले पण हात सुटला. जुन्या कात्रीला धार लावून घ्या, बोथट कात्री दुप्पट आवळायला लागते. कॉम्प्युटरवर असाल तर मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टाईप करू नका, खुर्ची एवढी उंच घ्या की कोपर आणि की-बोर्ड एका पातळीत येतील. आणि मोबाईल! रात्री कुशीवर पडून एका हातात मोबाईल धरून अंगठ्याने स्क्रोल करणं, आपण सगळ्याच करतो, त्यात मनगटही दुमडतं आणि अंगठाही झिजतो. उशीला टेकवून ठेवा, टाईप करण्याऐवजी व्हॉइस मेसेज पाठवा.

अंगठ्या आणि बांगड्या

अंगठी आजच काढून ठेवा. सूज वाढल्यावर निघत नाही. अडकली असेल तर हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग गार पाणी, मग साबण. तरी नाही निघाली तर दोऱ्याची युक्ती. रिळाचा मजबूत दोरा घ्या, एक टोक अंगठीखालून तळव्याकडे सारा, बाकीचा दोरा अंगठीला लागून बोटाच्या टोकाकडे घट्ट घट्ट वेढे देत सांध्याच्या पुढे न्या, मग तळव्याकडचं टोक धरून वेढे सोडत जा, अंगठी दोऱ्याबरोबर पुढे सरकते. बोट निळं पडत असेल तर युक्त्या बंद, दवाखान्यात कापून घ्या, सोनं परत जोडता येतं.

ओटीभरणात हिरव्या बांगड्या भरायच्या असतील तर कासाराला एक माप मोठ्या मागा. घट्ट चुडा भरला तर पुढे काढता येत नाही आणि काचेवर स्प्लिंट बसतही नाही. मी कार्यक्रमापुरत्या घातल्या आणि रात्री उतरवल्या, सासूबाईंना आवडलं नाही, पण एक एक बांगडी दोन्ही हातांत ठेवली त्यावर समेट झाला.

व्यायाम, मालिश, खाणं

व्यायाम सांगितला होता तो सोपा आहे. मनगट सरळ, बोटं सरळ ताठ, मग फक्त वरची पेरं वाकवून आकड्यासारखी, परत सरळ, मग पूर्ण सैल मूठ, परत सरळ. पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. सावकाश, जोर न लावता. करताना मुंग्या वाढून तशाच राहात असतील तर बंद करा. याने जादू होत नाही पण आखडलेपणा जातो. मालिश हलक्या हाताने, बोटांकडून कोपराकडे, तेल कुठलंही. मनगट कडाकडा मोडून नस "बसवणाऱ्या" बायका असतात, त्यांच्या हातात हात देऊ नका.

सूज आहे म्हणून पाणी कमी प्यायचं नाही. मीठ पूर्ण बंदही करायचं नाही, लोणचं-पापड-फरसाण कमी केलं तरी पुष्कळ. सूज उतरवायच्या लघवीच्या गोळ्या स्वतःहून तर अजिबात नाही. बी६ च्या गोळ्या खा असं कोणीतरी सांगतंच, तर बी६ जास्त डोसमध्ये बरेच दिवस घेतलं की त्यानेच नसा बिघडून मुंग्या येतात, त्यामुळे डॉक्टरांनी दिलंय तेवढंच.

वेदनेच्या गोळीचं नीट वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या आपण एरवी चण्यासारख्या खातो त्या गोळ्या गरोदरपणात मनाने घ्यायच्या नाहीत. विसाव्या आठवड्यानंतर तर अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्येच बजावलंय की या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. पॅरासिटामॉलच्या जोडीला यातलं काहीतरी असलेल्या मिक्स गोळ्या खूप मिळतात, म्हणून पाकिटावरचं बारीक नाव वाचा. दुखण्यावरच्या जेल-स्प्रेमध्येही बऱ्याचदा डायक्लोफेनॅकच असतं, तेही विचारूनच. साधी पॅरासिटामॉल सहसा चालते, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून. बीपीच्या भीतीने डॉक्टरांनी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू केली असेल तर ती वेगळी गोष्ट, ती हे वाचून बंद करायची नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

नुसतं "हात दुखतो" म्हणू नका, गर्दीत ते वाहून जातं. कुठली बोटं, रात्री किती वेळा जाग येते, झटकल्यावर बरं वाटतं का, हातातून वस्तू पडतात का, हे चार मुद्दे सांगा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, डॉक्टर तपासतात, बीपी-लघवी-रक्त बघतात, तिथेही हे विचारता येतं. मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपी विभाग असतो, चिठ्ठी मागून घ्या.

बधिरपणा दिवसभर राहायला लागला, कप-वाटी हातातून सुटते, ब्लाऊजचं हूक लागत नाही, चिमटीत ताकद नाही किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसतो, तर डिलिव्हरीची वाट न बघता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी मनगटात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन देतात, ते त्या जागेपुरतं असतं, गायनॅक आणि ऑर्थो दोघांनी मिळून ठरवायचं. ऑपरेशनची वेळ गरोदरपणात क्वचितच येते, आली तरी फक्त हाताला भूल देऊन होतं.

डिलिव्हरीला जाताना सलाईनची सुई कुठल्या हाताला नको ते आधीच सांगा, मनगटाच्या वाकणाऱ्या जागी लावली तर रात्रभर हाल होतात. स्प्लिंट बॅगेत टाका.

बाळ झाल्यावर

माझ्या मुंग्या डिलिव्हरीनंतर तीन आठवड्यांत खूप कमी झाल्या, डाव्या हाताच्या आधी. काही जणींना काही महिने लागतात, अंगावर पाजत असताना रेंगाळतातही. पाजताना बाळाचं डोकं वाकवलेल्या मनगटावर तोलायचं नाही, खाली उशा रचा, वजन उशीवर आणि हात नुसता आधाराला.

इथे एक दुसरंच दुखणं गाठतं, ते वेगळं ओळखा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ, मुंग्या नाहीत, बाळ उचलताना चमक जाते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हलकंसं झुकवलं की जीव जातो. हे डी क्वेरवेन, १८९५ मध्ये या नावाच्या स्विस सर्जनने त्याबद्दल लिहिलं, आणि त्या काळी इंग्रजीत याला धोबिणीची मुरगळ म्हणायचे, कपडे पिळून पिळून व्हायची म्हणून. आपल्याला होते बाळाला काखेत दोन्ही अंगठे ताणून उचलल्याने. एक हात ढुंगणाखाली, एक मानेखाली, तळवे वर, असं खालून उचलायचं. याला लागणारा स्प्लिंटही वेगळा, अंगठा धरून ठेवणारा, आपला मनगटाचा जुना चालत नाही.

तीन महिने झाले तरी रात्रीच्या मुंग्या तशाच असतील तर ऑर्थोकडे जा, ते बहुधा एनसीव्ही म्हणजे नसेची तपासणी करायला सांगतात, बारीक शॉक बसल्यासारखं वाटतं, अर्ध्या-पाऊण तासात होते.

माझे दोन्ही स्प्लिंट आता धाकट्या जावेकडे आहेत, तिला सहावा सरत आलाय. धुवायचे असतील तर पट्टी आधी बाहेर काढायची, तिच्याकडे एक तशीच भिजली आणि गंजली, पांढऱ्या मोज्याच्या नळीवर तांबडे डाग पडले. आणि परत आत घालताना बाक आलाय का ते ओट्याच्या कडेवर ठेवून बघायचं.